नाखवाची नजर

रोहिदास पाण्यात गेला तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. दोघं मिळून जाळं ओढत होतो. बोट एका अंगाला कलली, दोर ताणला गेला, आणि ज्या क्षणी दोर सोडून द्यायचा त्याच क्षणी त्यानं तो घट्ट धरला. आवाजसुद्धा झाला नाही. शेजारी माणूस होता, मग नुसती ओली फळी होती.

"रोही पाण्यात," मी ओरडलो.

ओरडल्याबरोबर बोटीवरच्या आम्ही तिघांनी एकच गोष्ट केली. वळून नाखवाकडे बघितलं. मी बघितलं, दामानं बघितलं, खाली इंजिनपाशी बसलेल्या जोमानं मान वर काढून बघितलं. नाखवा मागं सुकाणूवर उभा होता. त्याचा हात वर गेला, जोमानं इंजिन मंद केलं, आणि मग आम्ही पाण्याकडे बघितलं.

पाण्यात कोणी नव्हतं.

दसरा नुकताच होऊन गेला होता. लाटा मोठ्या नव्हत्या, बारीक होत्या, आणि तेच वाईट. मोठ्या लाटेच्या माथ्यावर माणूस एकदा तरी वर येतो. बारीक लाटांचं पाणी म्हणजे नुकतं नांगरलेलं रान, त्यात काहीही लपतं. ओहोटी लागली होती. सूर्य पश्चिमेला उतरला होता आणि त्याचा उजेड पाण्यावर सगळीकडे काचा पसरल्यासारखा पडला होता. आसपास दुसरी बोट नाही, आमच्याकडे तेव्हा वायरलेसही नाही. रोहिदास पोहणारा होता, पण ओहोटीच्या ओढीत पोहणारा तरी किती पोहणार? सूर्य बुडायच्या आत तो दिसला तर दिसला. बुडाल्यावर समुद्र सगळ्यांचाच काळा.

रोहिदास हिराजी नाखवाचा मुलगा. बोट हिराजीची स्वतःची, ती चालवणारा तांडेलही तोच, म्हणून आम्ही त्याला नाखवा म्हणायचो. बंदरात त्याच्या नजरेच्या गोष्टी सांगत. हिराजीला पाण्याखालची मासळी दिसते म्हणत. त्यात थोडी थाप होती आणि बरंच खरं होतं. पाण्याचा रंग कुठं फिरलाय, पक्षी कुठं खाली येताहेत, हे त्याला आमच्या आधी कळायचं, आणि आम्हाला ते त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. त्यानं मान वळवली की त्या बाजूचं जाळं तयार ठेवायचं. तो बोलायच्या आत हात चालले पाहिजेत. आमची बोट बंदरात सगळ्यांच्या आधी भरून यायची ती यामुळेच.

मी मूळचा कोळी नव्हे. माणदेशातला धनगर, मायाप्पा. कळपाला रोग लागला, मेंढरं गेली, आणि मी पोट घेऊन खाली समुद्राला आलो. पहिल्याच दिवशी दामानं मला बोटीचा धडा दिला होता. दामा हा नाखवाचा मेहुणा, जन्म त्याच्या बोटीवर गेलेला. मी हौसेनं समुद्राकडे बघत उभा होतो. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड मागं फिरवलं.

"मायाबाय, तिकडं काय बगतंस? तुला कललं का त्यातलं? नाखवाकडं बगायचं. समुद्राकडं नाखवा बगतंय."

माझ्या नावाची त्यानं बाई करून टाकली ती कायमची. पण धडा मी शिकलो. इतका चांगला शिकलो की रोहिदास हातभर अंतरावरून पाण्यात गेला आणि मी मागं तोंड फिरवलं.

नाखवानं बोट वळवली आणि पडला त्या जागी आणली. म्हणजे त्याच्या अंदाजानं त्या जागी. समुद्राला जागा नसते. तो सुकाणूच्या फळीवर चढून उभा राहिला, एक पाय सुकाणूच्या दांड्यावर, हात कपाळाला. बोट घेर घेत फिरू लागली.

त्याची नजर धावत होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि परत. मासळी शोधणाऱ्याची नजर तशीच धावते आणि तिला तशीच धावावी लागते. मासळी म्हणजे अर्ध्या गावाएवढा पसारा, धावती नजरसुद्धा तिच्यावर अडखळते. माणसाचं डोकं केवढं? शहाळ्याएवढं. तेही अर्धं बुडालेलं, ओलं, पाण्याच्याच रंगाचं. धावत्या नजरेखालून ते कितीदा निसटलं असेल कोण जाणे. आणि एका बाजूला तर ती नजर जातच नव्हती. सूर्याच्या. तिकडं मासळीचा रंग कळत नाही, म्हणून कोळी तिकडं बघत नाही. जन्माची सवय.

नाखवाची मान डावीकडे गेली की दामाची डावीकडे. उजवीकडे गेली की उजवीकडे. जोमा इंजिन सोडून वर आला होता, तो दामाच्या मागं उभा राहून दामा बघेल तिकडं बघत होता. मेंढरांचं वागणं मी जवळून पाहिलेलं आहे. एकानं तोंड फिरवलं की सगळा कळप त्या अंगाला तोंड करतो, तिकडं काय आहे हे एकालाही माहीत नसतं. मी हसलो असतो, पण माझीही मान फिरत होती. मी ती हातानं धरून ठेवावी तशी धरली आणि तरी ती फिरायचीच.

शेवटी मी सरळ पाठ केली. नाखवाकडे पाठ करून बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "दामा, तू तिकडं बघ. जोमा, तू या अंगाला. सगळे एकीकडं बघून काय उपेग?"

दामा माझ्यापर्यंत कधी आला ते कळलं नाही. त्याचा हात कानशिलावर बसला तेव्हा कळलं.

"नाखवाकडं पाठ करतंस? त्याचा पोर पाण्यात हाय आनि तू आमाला शिकवतंस? घाटी कुठला."

बोटीवर नाखवाकडे पाठ करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मला ते माहीत होतं. तोंडात रक्त आलं होतं, ते मी समुद्रात थुंकलो. तेवढ्यात नाखवा ओरडला.

"तो बग! तो!"

त्याचा हात पूर्वेकडे, किनाऱ्याच्या अंगाला होता. दूर पाण्यावर काहीतरी पांढरट वरखाली होत होतं. रोहीच्या अंगात पांढरा बनियन होता.

"होय, तोच," दामा म्हणाला. "रोहीच हाय. हात वर करतंय बगा, नाखवा. हात केला त्यानं."

"हात केला," जोमा म्हणाला.

मलाही दिसला. शपथेवर सांगतो, मलाही हात दिसला. जोमा उडी मारून खाली गेला, इंजिन फुल सोडलं, बोट पाणी फाडत निघाली. दामा पुढच्या टोकावर माझ्या शेजारी येऊन ओरडत होता की आलो रे बाबा, आलो, धर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मघाशी मारलं ते तो विसरला होता, मीही विसरलो होतो. बराच वेळ बोट पळत राहिली. आणि जवळ गेल्यावर ते वरखाली होणारं पांढरं एका लाटेवर आडवं झालं.

तेलाचा रिकामा कॅन होता. कुठल्यातरी बोटीवरून पडलेला.

जोमानं इंजिन मंद केलं. कॅन बोटीला येऊन टकटक करत राहिला. सूर्य आता नजरेला सोसेल इतका खाली आला होता.

नाखवा फळीवरून उतरला. दामाजवळ आला. मला वाटलं आता दामाची वेळ, हा त्याला मारणार. त्यानं मारलं नाही. त्याचा आवाज अगदी बारीक होता.

"दामा, हात कोनी पाहिला?"

दामा कॅनाकडे बघू लागला.

"तू बोल्लास हात केला. कॅनाला हात असतो का रं?"

"नाय."

"मग काय पाहिलंस तू?"

दामानं मान खाली घातली. साठीला आलेला माणूस, पण मास्तरासमोरच्या पोरासारखा उभा होता.

"तुमी बोल्लात ते पाहिलं, नाखवा."

मी नाखवाच्या तोंडाकडे बघत होतो. सवयच होती ती. त्या तोंडावर मी वादळं बघितली आहेत, रिकामी जाळी बघितली आहेत, पण तसं काही त्याआधी बघितलं नव्हतं. भिंत म्हणून ज्याला टेकून उभा होता तो पडदा निघावा, तसं. त्यानं जोमाकडे बघितलं. जोमानं नजर चुकवली. मग माझ्याकडे.

"तू?"

"मला बी दिसला हात," मी म्हणालो.

नाखवानं समुद्रावर चहूकडे एकदा बघितलं, आणि आम्ही तिघांनी त्याच्याबरोबर चहूकडे बघितलं. त्यानं ते पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं असेल. इतकी वर्षं तो समुद्राकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे.

आमच्याकडे माळावर मेंढरू चुकलं की माझा चुलता आम्हा भावांना एका उंचवट्यावर पाठीला पाठ लावून उभा करायचा. ज्याच्या समोर जो माळ आला तो त्याचा, दुसऱ्याच्या माळात डोकवायचं नाही. आणि स्वतः चुलता मधे बसून खाली मान घालून तंबाखू मळायचा. एकदाही वर बघायचा नाही. आम्ही आपसात म्हणायचो म्हातारा आळशी आहे, मेंढरू त्याचं आणि डोळे फोडायचे आम्ही. तो खाली का बघायचा हे मला त्या बोटीवर, तोंडात रक्ताची चव असताना कळलं.

"नाखवा," मी म्हणालो, "तुम्ही बघू नका."

"काय?"

"तुम्ही डोळे मिटा. तुम्ही बघताय तवर हे कोण बघत न्हाईत. मी बी न्हाई. चार माणसं हाय आपण आणि डोळे दोनच हायत."

दामाचा हात पुन्हा उठला. नाखवानं तो हवेतच धरला.

"माजा पोर हाय तो," नाखवा मला म्हणाला. रागानं नाही म्हणाला. समजावून सांगावं तसं म्हणाला. "माजा पोर पान्यात हाय आनि मी डोळे मिटून बसू?"

"व्हय."

माणसाला असं सांगायचं नसतं. उद्या माझ्या पोरासाठी मला कोणी असं सांगितलं तर मी त्याला उचलून पाण्यात टाकीन. नाखवानंही टाकलं असतं, त्याच्या हातात तेवढी ताकद होती. त्यानं एकदा सूर्याकडे बघितलं. मग डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी केली, डोळ्यांवर घेतली आणि मागं गाठ मारली. चाचपडत सुकाणूपाशी जाऊन खाली बसला.

"जोमा, इंजिन बंद कर," तो रुमालाखालून म्हणाला. "ओहोटी हाय. पानी त्याला भाएर वडतंय. आपन हितं घेर घेत बसलो नि मग या कॅनाच्या मागं उलटे धावलो. आदी तो पडला त्या जागी ने, मग बंद कर. पानी त्याला नेतंय तिकडं आपल्याला नेईल."

हे त्याला आधी सुचलं नव्हतं असं नाही. बघण्याच्या घाईत राहून गेलं होतं. आता दिसत नव्हतं तेव्हा पाणी त्याच्या पायाखाली त्याला कळू लागलं. बोट परत बाहेर आली, इंजिन थांबलं, आणि एकदम इतकी शांतता झाली की फळ्यांची करकर ऐकू येऊ लागली.

मी तिघांची वाटणी केली. जोमाला उत्तर, मला किनाऱ्याकडची आणि दक्षिणेची बाजू. दामाच्या वाट्याला पश्चिम आली, कारण तो तिथंच उभा होता.

"तिकडं ऊन हाय," दामा म्हणाला. "तिकडं काय दिसायचं नाय."

"रोहीनं ऊन बघून पडायचं व्हतं का?" मी म्हणालो. "आणि हे बघा, डोळे पळवायचे न्हाईत. पाण्याचा एक तुकडा धरा, त्यावर डोळा उभा करा. उभा केला की जे वेगळं हाय ते आपसूक वर येतं. न्हाई आलं तर पुढला तुकडा. माझ्याकडं बघू नका. नाखवाकडं तर बघूच नका."

"तू नाखवा झालास का रं?" दामा पुटपुटला. पण तोंड त्यानं पश्चिमेला केलं.

पाण्याचा एक तुकडा धरणं फार अवघड आहे. डोळा थांबत नाही, त्याला पळायला हवं असतं. थांबला की भीती वाटते की आपण इकडं बघतोय तेवढ्यात तो तिकडं बुडतोय. मी एक तुकडा धरायचो, लाटा मोजल्यासारख्या करून सोडायचो, पुढचा धरायचो. पाणी, पाणी, एक फांदी, पाणी. पाठीमागं नाखवाचा श्वास ऐकू येत होता. तो ओठातल्या ओठात काही म्हणत होता. देवाचं नाव असेल किंवा पोराचं.

मधेच दामा म्हणाला, "नाखवा."

"काय?"

"काय नाय."

माझ्या पाण्यावरचा उजेड तांबूस होत चालला होता. थोड्या वेळानं दामानं पुन्हा घसा खाकरल्यासारखं केलं आणि तो थांबला.

"दामा, बोल," नाखवा म्हणाला.

"काय बोलू, मना काय दिसत नाय."

"मग मगाशी हाक कशाला मारलीस?"

"दिसत काय नाय," दामा म्हणाला. त्याच्या आवाजात भलतीच लाज होती. "सगलं पानी चमकतंय. एक ठिकानी चमकत नाय. एवढंच."

मी माझा माळ सोडला. सोडायला नको होता, पण मान वळली. पश्चिमेला नुसता वितळलेल्या सोन्याचा रस होता, डोळ्यांत सुया टोचल्यासारखं झालं. चमकत नाही अशी जागा मला दिसली नाही. जोमाही वळून बघत होता, त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. दामानं आमची तोंडं बघितली आणि त्याचा धीर सुटला.

"तुमी एकदा बगा ना, नाखवा," तो म्हणाला. "रुमाल सोडा नि एकदाच बगा. माज्या डोल्यांचा काय भरवसा."

नाखवाचे दोन्ही हात रुमालाच्या गाठीकडे गेले. मी ते हात बघत होतो. गाठीवर ते थांबले, आणि परत खाली येऊन त्यांनी सुकाणूचा दांडा धरला.

"मी बगनार नाय. कुठं चमकत नाय ते सांग."

"मना खात्री नाय, नाखवा."

"तुला खात्री कोन इचारतंय? कुठं?"

मी तोंड उघडलं होतं. तिथं काही नाही, सूर्य बुडतोय, वेळ घालवू नका, असं म्हणणार होतो. दामाचं तोंड बघून मी ते गिळलं. दामानं हात उचलला. बोट पुढं केलं. त्या बोटीवर जन्म काढलेल्या माणसाचं बोट पहिल्यांदा अशा जागेकडे गेलं जी नाखवानं आधी दाखवली नव्हती.

"सूर्याच्या जरा डाव्या अंगाला."

"जोमा, इंजिन," नाखवा म्हणाला. त्यानं तोंड वर केलं, ऊन दोन्ही गालांवर घेतलं, मग मान किंचित फिरवून ते उजव्या गालावर आणलं आणि सुकाणू वळवलं. आंधळा माणूस बोट चालवत होता आणि बोट सरळ चालली होती.

"डोळा काढू नको," मी दामाला म्हणालो.

त्यानं काढला नाही. उन्हानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही. बोट तसंच पुढं. "आता जरा उजवा... आता सरळ... आता गेलं... नाय, हाय. हाय." बराच वेळ मला काहीच दिसत नव्हतं. मग त्या सोन्यात एक काळा ठिपका फुटला, आणि त्या ठिपक्याला तोंड होतं.

रोहिदासला वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि बोटं उघडत नव्हती. जोमानं आणि मी काखेत हात घालून त्याला आत घेतला. नाखवा चाचपडत पुढं आला, पोराच्या तोंडावरून हात फिरवला, कान, नाक, केस. तेव्हा कुठं त्यानं रुमाल सोडला.

गोधडीत गुंडाळून, गरम चहा पाजून, दात वाजायचे जरा थांबले तेव्हा रोहिदास पहिल्यांदा बोलला.

"मना तुमी सगले दिसत व्हतात," तो म्हणाला. "सारखे दिसत व्हतात. एकदा तर बोट एवढी जवल आली, मी आरडलो, इंजिनात नाय ऐकू आलं. तुमी सगले पलीकडं बगत व्हतात. चौघांच्या चार पाठी. मग तुमी लांब निघून गेलात नि मी आरडायचा सोडला."

दामा त्याचे पाय चोळत होता, चोळत राहिला.

बंदरात आलो तोवर रात्र झाली होती. बोट आली नाही म्हणून धक्क्यावर माणसं कंदील घेऊन उभी होती आणि बायका रडत होत्या. दुसऱ्या दिवशी मासळीच्या बाजारात मी आमचीच गोष्ट माझ्या कानांनी ऐकली. हिराजीनं डोळ्यांना पट्टी बांधली, देवाला हाक मारली, आणि बंद डोळ्यांना त्याला पोर दिसलं. बोट सरळ जाऊन पोरापाशी थांबली. अशी हिराजीची नजर. ऐकणारे हात जोडत होते, आणि सांगणारा होता दामा.

मी त्याला बर्फाच्या खोलीमागं गाठला. जे तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, जन्मात एकदा स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलंस, तेही देऊन टाकलंस? लाज नाही वाटत? तू पाहिलंस, दामा. मी नाही, जोमानं नाही, नाखवानं तर नाहीच नाही.

दामा शांतपणे विडी ओढत होता.

"गप रं, मायाबाय," तो म्हणाला. "मी पाहिलं असं बोल्लो तर उद्या बोटीवर कोन कोनाकडं बगेल?"

मला त्याला मारावंसं वाटलं. कानशिलाची फेड बाकीच होती. पण तो ज्या तोंडानं हे बोलला ते तोंड खोटं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच माझा राग आजही जात नाही. जुलमानं गप्प बसवलेल्या माणसासाठी भांडता येतं. जो आपणहून स्वतःचे डोळे दुसऱ्याच्या पायाशी ठेवतो त्याच्यासाठी कुठं जाऊन भांडायचं? आजही त्या बंदरात ती गोष्ट तशीच सांगतात. दामा गेला, सांगणारे बदलले, पट्टी आणि देव तेवढे राहिले.

नाखवा मात्र बाजारातल्या गोष्टीवर कधी हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही.

रोहिदास बरा झाल्यावर आम्ही पुन्हा समुद्रात गेलो. किनारा मागं पडला, मासळीच्या पाण्यात आलो. नाखवा फळीवर चढला. त्याबरोबर आमच्या माना आपसूक त्याच्याकडे वळल्या. त्यानं आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. रुमाल नाही, काही नाही, नुसते मिटले.

"दामा," तो म्हणाला, "काय दिसतंय?"

इंजिन चालू होतं तरी ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. दामा गोंधळला. त्यानं समुद्राकडे बघितलं, खरंच बघितलं, मी पाहिलं त्याला बघताना. क्षणभर त्याचा हात उठतोय असं वाटलं. मग तो वळला आणि नाखवाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"तुमी बोला ना, नाखवा."

नाखवानं डोळे उघडले आणि दक्षिणेकडे बघितलं. आम्ही दक्षिणेकडे बघितलं.

रोहिदास सोडून. तो पुढच्या टोकावर, बापाकडे आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, सूर्याच्या बाजूला तोंड करून उभा होता. त्या दिवसापासून तो नेहमी तसाच उभा राहायचा. दामाला ते बघवत नसे. तो दर वेळी नाखवाकडे बघायचा, की आता नाखवा काही बोलेल.

नाखवा त्याला कधी काही बोलला नाही.